घरच्या घरी सायकल दुरुस्ती: लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी लातूरचा. घरात तीन सायकली आहेत, एक वडलांची जुनी काळी २८ इंची, एक माझी गेअरवाली आणि एक पोरीची शाळेची. गेली दहा-बारा वर्षं तिन्ही मीच खोलतो, मीच जोडतो. गल्लीतले लोक संध्याकाळी सायकल घेऊन येतात आणि फिरून फिरून तेच प्रश्न असतात, म्हणून म्हणलं एकदा सगळं लिहूनच काढू. जे जमलं ते लिहिलंय, जे बिघडवलं तेबी लिहिलंय.

घरी दुरुस्ती करून खरंच पैसे वाचतात का?

पहिल्या वर्षी नाही वाचत. पाने, पंप, सोल्युशन (पॅच चिकटवायचा गोंद), चेन तोडायचं यंत्र असं एकेक घेण्यात जातात, आणि एखादा पार्ट आपल्या हातानं खराब होतो त्याचे वेगळे. दुसऱ्या वर्षापासून पंक्चर, चेन, ब्रेक या तीन गोष्टींचे पैसे नक्की वाचतात.

पण खरा फायदा पैशाचा नाहीच. आधी प्रत्येक चौकात सायकलचं दुकान असायचं, तासावर सायकल भाड्यानं मिळायची, हवेचा पंप दारातच उभा असायचा. आता त्याच जागी मोटरसायकलचं पंक्चर काढतात आणि सायकल नेली की म्हणतात थांबा, बघू. खेड्यात तर तेवढंही नाही. चार-पाच किलोमीटरवरच्या शाळेत जाणाऱ्या पोरीची सायकल सकाळी पंक्चर निघाली की तिचा त्या दिवशीचा वर्ग गेला, तो कोणी भरून देत नाही. म्हणून मी म्हणतो की घरात एकाला तरी पंक्चर काढता आलंच पाहिजे.

कोणती हत्यारं घेऊ?

ऑनलाइन मिळणारा चाळीस तुकड्यांचा सेट घेऊ नका, त्यातले तीस कधीच लागत नाहीत. साध्या सायकलला डंबेल पाना (हाडासारखा दिसतो, दोन्ही टोकाला वेगवेगळ्या मापाची भोकं), एक १४-१५ चा पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, टायर काढायच्या दोन पट्ट्या, पॉलिश पेपर, सोल्युशन, पॅच आणि पंप. गेअरवाली असेल तर वरून ४, ५, ६ च्या एलन की (सहा कोनांच्या वाकड्या किल्ल्या). बस. बाकी जसं काम निघेल तसं घ्या, आणि पाना मात्र चांगला घ्या, कारण हलका पाना नटाचे कोपरे खातो आणि गोल झालेला नट काढायला नंतर अर्धा दिवस जातो.

पंक्चर काढलं, दोन किलोमीटरवर परत पंक्चर. कामून होतंय असं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि दहातल्या आठ वेळा उत्तर एकच असतं, काटा टायरमधेच राहिलाय.

आपल्याकडं बांधावर बाभूळ, रस्त्याच्या कडंला वेडी बाभूळ, आणि दिवाळीनंतर वाळलेले सराटे. बाभळीचा काटा टायरमधून आत गेला की बाहेरचं टोक चालता चालता घासून तुटतं आणि आतलं टोक रबरात तसंच रुतून बसतं. बाहेरून काहीच दिसत नाही. आपण ट्यूब काढतो, पॅच लावतो, खुशीत हवा मारतो आणि त्याच टोकावर ट्यूब परत बसते.

मी एका रविवारी सकाळी खरोसा लेण्यांकडं निघालो होतो, औसा सोडलं आणि मागचं चाक बसलं. पंक्चर काढलं. पुढं जाऊन परत बसलं. तिसऱ्यांदा पॅच संपले आणि सायकल ढकलत परत औशापर्यंत आलो. तिथं बसून टायरच्या आतून बोट फिरवलं तेव्हा तांदळाच्या कणीएवढं काळं टोक लागलं. पहिल्याच वेळी अर्धा मिनिट बोट फिरवलं असतं तर लेणी बघून झाली असती माझी.

आता मी असं करतो. टायर काढायच्या आधी व्हॉल्व्हच्या समोर टायरवर खडूनं खूण. ट्यूब बाहेर काढली की हवा मारून कानाजवळ, गालाजवळ फिरवायची, बारीक गळती असेल तर घमेल्यातल्या पाण्यात. भोक सापडलं की ट्यूब टायरवर तशीच धरून बघायची, म्हणजे काटा टायरच्या कोणत्या भागात आहे ते खुणेवरून लगेच कळतं. मग टायरच्या आतून बोट किंवा कापूस, कापूस जास्त चांगला, काट्याला अडकतो आणि बोट पण वाचतं. एक काटा सापडला म्हणून थांबायचं नाही, पूर्ण गोल फिरवायचं.

पॅच टिकतच नाही, सुटतो.

घाई करताय तुम्ही. भोकाभोवती पॅचपेक्षा थोडी मोठी जागा पॉलिश पेपरनं घासा, चकाकी गेली पाहिजे. ट्यूबवर जोडणीची जी बारीक रेघ असते ती त्या जागेवर आली तर ती सपाट होईपर्यंत घासा, नाहीतर हवा तिथूनच वाट काढते. सोल्युशन पातळ लावा आणि वाळू द्या, ओलं असतानाच पॅच ठेवला की संपलं. चार-पाच मिनिटं थांबा, चमक गेली की मग पॅच आणि जोरात दाबा. सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की उन्हाळ्यात महिन्या-दोन महिन्यात आतल्या आत वाळून जाते, निघायच्या आधी दाबून बघत जा.

आणि टायर परत बसवताना शेवटचा भाग हातानंच बसवा. स्क्रू ड्रायव्हर घालून ढकललं की ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. शेजारी दोन भोकं दिसली की काटा शोधू नका, तो चिमटा आहे. हवा कमी ठेवून दगडावर किंवा खड्ड्यात आपटलं तरी तशीच दोन भोकं पडतात.

रोज सकाळी हवा उतरलेली असते पण पाण्यात बुडबुडे येत नाहीत.

साधी सायकल असेल तर वालट्यूब बदला. व्हॉल्व्हवरची ती बोटाच्या पेराएवढी बारीक रबरी नळी, उन्हानं चिरते, नाहीतर चिकटून बसते. मिनिटाचं काम आहे. मी पाकिटात दोन तुकडे कायम ठेवतो. गेअरवाल्या सायकलीला बहुतेक मोटरसायकलसारखा व्हॉल्व्ह असतो, त्याच्या तोंडावर थुंकी लावून बघा, फुगा आला तर आतली पिन घट्ट करा किंवा बदला.

टायर घेतला, चढतच नाही. दुकानदार म्हणतो माप तेच आहे.

इथं लई लोक फसतात आणि दोष दुकानदाराचाही नसतो, मापंच तशी आहेत. २६ इंच म्हणून दोन वेगळे टायर मिळतात. २६ × १⅜, म्हणजे लेडीज आणि साध्या सायकलीचा, त्याचा रिमवर बसायचा व्यास ५९० मिलिमीटर. आणि २६ × १.९५, जाड गट्टूवाला, त्याचा ५५९. दोघांवर २६ लिहिलंय पण एकमेकांच्या रिमवर बसणार नाहीत. तसंच जुन्या काळ्या सायकलीचा २८ × १½ म्हणजे ६३५, आणि नव्या हायब्रिडचा ७००सी म्हणजे ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक, डोळ्याला दिसत नाही पण टायर बसत नाही.

टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ४०-६३५ किंवा ५०-५५९ असं काहीतरी लिहिलेलं असतं, पहिला आकडा रुंदी आणि दुसरा हा व्यास. दुकानात जाताना त्याचा मोबाईलवर फोटो काढून न्या. हवा किती मारायची तेही तिथंच लिहिलेलं असतं.

टायरमध्ये पंक्चर होऊ नये म्हणून लिक्विड टाकू का?

काट्याच्या बारीक भोकांना चालतं, सराट्याच्या भागात तर मी म्हणेन टाकाच. पण ते वाळतं, आपल्याकडच्या ४२ डिग्रीत लवकरच वाळतं, उन्हाळ्यात दर दोन-तीन महिन्यांनी बघून परत टाकावं लागतं. आणि एकदा टाकलं की त्या ट्यूबवर पॅच चिकटवणं अवघड जातं, भोकातून ओलं येत राहतं, पुसून पुसून कंटाळा येतो.

चेनला कोणतं तेल? खोबरेल चालतं का?

नाही चालत. खोबरेल २४ डिग्रीच्या खाली गोठतं आणि आपल्याकडं थंडीत, विशेषतः परभणीकडं, पहाटे पारा दहाच्याही खाली जातो. सकाळी चेन मेणासारखी होते आणि त्यात धूळ घट्ट बसते. ग्रीसही चेनला वरून फासू नका, ते आत जात नाही आणि बाहेरून माती पकडतं.

शिलाई मशीनचं तेल किंवा सायकल चेनचंच पातळ तेल घ्या, एकेका कडीच्या जोडावर एकेक थेंब, पायडल उलटं फिरवा, आणि मग फडक्यानं पुसून काढा. पुसणं लोक विसरतात. तेल लागतं ते कडीच्या आत, बाहेरचं तेल फक्त धूळ ओढतं. शिलाई मशीनचं तेल स्वस्त आहे पण पातळ असल्यामुळं लवकर उडतं, आठवड्याला लावावं लागतं.

चढावर जोर लावला की चेन घसरते किंवा कट्कन आवाज येतो.

पाना उचलायच्या आधी बघा आवाज कुठून येतोय. तीन जागा आहेत.

एक, चेन झिजलीय. घरातली पट्टी घ्या. चेनच्या एका पिनेच्या मध्यापासून मोजा, १२ पूर्ण कड्या म्हणजे बरोबर १२ इंच व्हायला पाहिजेत. इंचाचा सोळावा भाग जास्त भरला तर चेन बदला. आठवा भाग जास्त भरला तर नुसती चेन बदलून भागणार नाही, तोपर्यंत मागचे दातेबी झिजलेले असतात आणि नवी चेन जुन्या दात्यांवर अजूनच घसरते. मी ही चूक केलीय, नवी चेन टाकून चार दिवस ताण वाढव, कमी कर करत बसलो आणि शेवटी फ्रीव्हील (मागच्या दात्यांचं चक्र) बदललं तेव्हा थांबलं.

दोन, फ्रीव्हीलची कुत्री बसत नाहीत. आतली ती दोन बारीक खिटं, ज्यांचा टक टक आवाज येतो. कोणीतरी आत ग्रीस भरलं असेल तर ती चिकटतात आणि पायडल रिकामं फिरतं. पातळ तेल सोडा, चाक उलटं-सुलटं फिरवा, बहुतेक वेळा सुटतं.

तीन, काळ्या सायकलीत कॉटर ढिली, म्हणजे पायडलचा दांडा (क्रँक) मधल्या आसाला धरून ठेवणारी खीळ. पायडल एका ठरावीक जागी आलं की प्रत्येक फेरीला एकदा झटका बसतो. कॉटर हातोडीनं ठोकताना क्रँकच्या खाली लाकडाचा ठोकळा टेकवा, नाहीतर सगळा मार आतल्या छर्‍यांवर जातो.

डाव्या बाजूचं पायडल निघतच नाही.

उलट फिरवा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, उजवं नेहमीसारखं निघतं आणि डावं घड्याळाच्या दिशेनं फिरवल्यावर निघतं. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे पाना वर उभा धरा आणि सायकलच्या मागच्या चाकाकडं ओढा, दोन्ही बाजूला तसंच ढिलं होतं.

बसवताना आधी बोटांनी तीन-चार फेरे बसले पाहिजेत. मला हे माहीत असूनही पोरीच्या सायकलला अंधारात, लाईट गेलेली असताना, पायडल तिरकं बसवलं आणि अडतंय म्हणून पाना लावून रेटलं. क्रँकचे आटे गेले. पायडल नवं होतं, क्रँक चांगला होता, आणि नवीन क्रँक घ्यावा लागला. अंधारात आटे जोडू नका.

ब्रेक घरी करावा का, धोका नाही का?

करावा, पण तपासल्याशिवाय सायकल कोणाच्या हातात द्यायची नाही, पोरांच्या तर अजिबात नाही. सायकल हातानं ढकलत आधी पुढचा आणि मग मागचा ब्रेक पूर्ण जोरात दाबा, लिव्हर हँडलला टेकली तर वायर ढिली आहे. ब्रेक रबर रिमला लागतं का टायरला ते डोळ्यानं बघा, टायरला घासत असेल तर थोड्याच दिवसात टायर फाटतो. रबरातल्या खाचा संपल्या की बदला. वायरचे एक-दोन धागे तुटलेले दिसले तर उद्यावर ढकलू नका, ज्या दिवशी दिसलं त्या दिवशी बदला.

चेनला तेल लावताना रिमवर किंवा डिस्कवर एक थेंबही उडता कामा नये. डिस्कच्या पॅडला तेल लागलं की ते पॅड गेलेच समजा. तेलाचे डिस्क ब्रेक असतील तर चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटतात.

गेअर नीट पडत नाहीत, स्क्रू कोणता फिरवू?

कोणताच नाही. आधी सायकलच्या मागं उकिडवं बसा आणि बघा.

माझी सायकल एकदा स्टँडवरून उजव्या अंगावर पडली. उचलली, पुसली, काही झालं नाही म्हणलं. दुसऱ्या दिवसापासून मधले गेअर उड्या मारायला लागले. मी व्हिडिओ बघून डिरेलरच्या (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग) दोन बारीक स्क्रूना फिरवलं, वायर ढिली केली, परत ताणली, दुपारचे दोन तास गेले आणि शेवटी चेन मोठ्या चक्राच्या पलीकडं तारांमध्ये जाऊन पडली. चालवत असतो तर मागचं चाक जाम होऊन पडलो असतो. सायकल घेऊन मिस्त्री चाचांच्या दुकानात गेलो. त्यांनी पानाही उचलला नाही, मागून एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, "हँगर वाकडा हो गया बाबा, वायर का क्या कसूर?" डिरेलर ज्या कानाला अडकवलेला असतो तो कान आतल्या बाजूला वाकला होता. हत्यार लावून सरळ केला, मी फिरवलेले स्क्रू जागेवर आणले, झालं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलाय. आधी मागून बघायचं, डिरेलरची दोन्ही चाकं आणि वरचा दाता एका सरळ रेषेत उभे आहेत का. सरळ असेल तर वायरच्या टोकाला जी हातानं फिरवायची गोल चावी असते तेवढीच फिरवायची. चेन मोठ्या चक्रावर चढायला आळस करत असेल तर वायर थोडी ताणा, लहान चक्रावर उतरायला आळस करत असेल तर ढिली करा, एका वेळी पाव-अर्धा फेरा. ते दोन बारीक स्क्रू फक्त चेन कडेच्या बाहेर पडू नये एवढ्यासाठी असतात.

मागच्या चाकाच्या तारा सारख्या तुटतात.

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा. आमच्या गल्लीतली प्रत्येक सायकल पाण्याची गाडी झाली होती. मीही कॅरियरच्या दोन्ही बाजूला वीस-वीस लिटरचे कॅन अडकवून दिवसातून तीन-चार खेपा करायचो, म्हणजे मागच्या चाकावर चाळीस किलो जास्त आणि वर मी. आठ दिवसांत एक तार तुटली. ती बदलली. मग दोन दिवसांनी दुसरी, मग तिसरी, आणि मला वाटायचं ताराच हलक्या मिळतायत.

तसं नव्हतं. तार एका ओझ्यानं सहसा तुटत नाही, ढिली तार प्रत्येक फेरीला थोडी वाकते, सरळ होते, आणि अशी हजारो वेळा वाकून हबजवळच्या (चाकाच्या मधल्या भागाजवळच्या) बाकात तुटते. मी तुटलेली तेवढी बदलत होतो आणि बाकीच्या ढिल्याच होत्या. जुन्या काळ्या सायकलीला पुढं ३२ आणि मागं ४० तारा असायच्या त्या ओझ्यासाठीच, पण चाळीसातल्या पंधरा ढिल्या असतील तर सगळं ओझं उरलेल्यांवर येतं.

म्हणून आता दर महिन्याला बोटानं तारा छेडून आवाज ऐकायचा. एकाच बाजूच्या तारांचा आवाज साधारण सारखा यायला पाहिजे, भद्द वाजली की ती ढिली. चाक उजवीकडं डुलत असेल तर त्या जागी डाव्या बाजूच्या हबला जाणारी तार पाव फेरा घट्ट करायची आणि परत फिरवून बघायचं. पाव फेराच. एकदम पूर्ण फेरा दिला की चाकाचं पापड होतं, आणि मग मिस्त्रीशिवाय इलाज नाही.

हब खोलून छर्रे बदलू का?

बदला, पण रविवारी सकाळी, खाली पांढरं धोतर किंवा चादर पसरून. पुढच्या हबला बहुतेक ³⁄₁₆ इंची आणि मागच्याला ¼ इंची छर्रे असतात, मिसळू देऊ नका. एक छर्रा खराब दिसला तर सगळेच नवे टाका. कोन (छर्रे दाबून धरणारा नट) बसवताना इतकाच घट्ट की चाक धरून डावीकडं-उजवीकडं हलवलं तर खडखड नाही आणि सोडलं तर व्हॉल्व्हच्या वजनानं आपोआप खाली येतं.

पावसाळ्यात काळ्या मातीतून सायकल आणतो, धुवायला वॉशिंग सेंटरला नेली तर?

नेऊ नका. तो जोराचा फवारा हबमधलं ग्रीस धुऊन काढतो आणि आत पाणी सोडतो, महिन्याभरात छर्रे गंजतात. आपली माती ओली असताना डिंकासारखी चिकटते, मडगार्डमध्ये भरली की चाकच फिरत नाही. तसंच रेटू नका, काडी घेऊन जागेवरच काढा. घरी आल्यावर बादली आणि फडकं पुरतं, आणि चेन पुसून त्याच संध्याकाळी तेल.

जुन्या काळ्या सायकलीचे पार्ट आता मिळतात का?

मिळतात. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनालाच बंद झाला, तेव्हा वडील दिवसभर अस्वस्थ होते. पण कॉटर, कोन, छर्रे, टायर ही मापं सगळ्या काळ्या सायकलींची जवळपास एकच, आणि लुधियानाहून माल अजून येतो. जुना पार्ट सोबत नेऊन मापाला माप लावून घ्या.

मिस्त्रीकडं काय न्यावं?

वाकडी फ्रेम, वाकडा फोर्क, पापड झालेलं चाक, जाम झालेला बीबी कप, म्हणजे पायडलच्या आसाला धरणारी वाटी (नवीन सायकलींत बहुतेक त्याचे उजव्या बाजूचे आटे उलटे असतात आणि जोर लावून लोक फ्रेम घालवतात). फ्रेमला तडा असेल तर वेल्डिंग करायचं का नाही हे त्यांनाच ठरवू द्या. आणि आपण आधी काय काय फिरवलं ते खरं सांगा. लपवलं की त्यांचा तास जातो, आणि तो तास ते आपल्याकडून मागत पण नाहीत.

सगळं जोडलं आणि एक वायसर उरला. चालेल का?

नाही चालणार, परत खोला. खोलतानाच मोबाईलवर फोटो काढत जा आणि निघालेले पार्ट ताटात ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं मांडा. आणि उरलेल्या वायसरला एका बाजूला वाकडं नाक असेल तर तो पुढच्या चाकाचा आहे. ते नाक फोर्कच्या भोकात अडकतं आणि नट ढिला झाला तरी चाक फोर्कमधून सुटू देत नाही, म्हणून तो बसवल्याशिवाय सायकल फाटकाबाहेर काढू नका.